पितळी ड्रम कुणाच्या गाण्याला

आमच्या घरात पाहुण्यांना पाठ टेकायला जागा नाही, पण जुन्या ड्रमना स्वतंत्र खोली आहे. शंतनु, म्हणजे आमचे हे, शाळेत संगीत शिकवतात आणि बंद पडलेल्या बँड पार्ट्यांचे स्नेअर ड्रम गोळा करतात. गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवायचा तो ड्रम. खालच्या कातड्याला तारा लागून असतात, म्हणून आवाज चरचरीत येतो. नवऱ्यांना काय काय नाद असतात, त्यामानानं हा बरा, असं मी वैदेही येईपर्यंत म्हणत होते.

यांच्याच शाळेत वैदेही नवी लागलेली. पोखर्णीच्या नरसिंहाचं एक गाणं तिच्या आवाजात रेकॉर्ड करायचं ठरलं आणि हे हरखून गेले. "गळा लय गोड आहे तिचा," असं जेवता जेवता दोनदा म्हणाले. भाजीबद्दल एकदाही काही नाही. ती यांना 'सर' म्हणते आणि मला 'काकू'. माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी लहान असेल.

रविवारी ती ड्रम निवडायला घरी आली. ती गायची, हे एकेक ड्रम वाजवून बघायचे. लाकडी वाजवला आणि म्हणाले, "हा नुसता धपधप करायलाय." स्टीलचा घेतला, तर तो कानाला टोचायला लागला. मी चहाच्या निमित्तानं दारातच उभी. तिनं सूर लावला की मांडणीवरच्या ड्रमच्या तारा झरझरायच्या. म्हटलं, घ्या, ड्रमसुद्धा फिदा.

मग यांनी पितळी ड्रमला हात घातला आणि मी दारातून दोन पावलं आत आले.

तो ड्रम आम्ही लग्नानंतर पूर्णेहून आणलेला, रेल्वेत माझ्या मांडीवर ठेवून. घरी आल्यावर मी सहज काही गुणगुणले, तर तो आपोआप झर्र बोलला. तेव्हा हे हसून म्हणाले होते, "हा तुझा. तुझ्याच गाण्याला वाजवीन." त्या गाण्याची वाट बघत मी इतकी वर्षं त्या पितळेला लिंबू लावून घासत आले.

यांनी दोनच ठेके वाजवले. "बस, हाच," म्हणाले.

"किती भारी वाजायलाय, सर," वैदेही म्हणाली. मी चहा गाळायचाच विसरले आणि तसाच तिच्यापुढं ठेवला. ती तोही गोड मानून प्याली. त्याचा मला जास्त राग आला.

रेकॉर्डिंगला मीही गेले. परभणीतल्या स्टुडिओत रेकॉर्डिंगची खोली एकच. गाणारी आणि वाजवणारा समोरासमोर. गाणं सुरेख झालं, हे कबूल करताना माझ्या जिवावर येतंय. सगळे ऐकायला बाहेरच्या खोलीत गेले तेव्हा मी यांना अडवलं.

"माझा ड्रम तिला का दिलात?"

यांना खरंच कळेना. "आगं, खोली एकच. बाकीचे सगळे तिच्या आवाजानं झरझरायलेत, ते रेकॉर्डिंगमधे येतंय. हा एकटाच तिला दाद देत नाही. ती कितीही गावो, हा गप."

इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पितळेवर तिच्या बोटाचा डाग होता, तो मी पदरानं पुसला. जिंकल्यासारखं हसून विचारलं, "मग आता माझं गाणं करायचं का ह्याच्यावर?"

"तुझं? ह्याच्यावर?" हे म्हणाले. "तू नुसतं हूं केलंस तरी हा बोलतो. तुझ्या गाण्याला हा कधीच चालायचा नाही. करायचंच झालं तर लाकडी बघू."

बाहेर वैदेहीचं गाणं सुरू झालं. त्यात माझा पितळी ड्रम खणखणीत वाजत होता, आणि ती गात होती तितका वेळ अगदी शहाण्यासारखा वागत होता.

"तुमी मला शब्द दिला होता," मी म्हणाले.

माझ्या आवाजासरशी ड्रमच्या तारा झर्र बोलल्या. यांनी हात पुढं केला, ड्रमच्या बाजूची कळ पाडली, आणि तारा सैल करून टाकल्या.