गोल स्वयंपाकघर

दुपारच्या सामसुमीत हातातला चमचा खणकन पडला आणि जमिनीवर न थांबता भिंतीवर चढून गोल फिरू लागला. त्यावरून मला कळलं की आमच्या स्वयंपाकघराचे कोपरे गेलेत.

रेवू, माझी चार वर्षांची मुलगी, आत झोपली होती. चमचा पाच-सहा फेऱ्या मारून थकला. मी तो उचलून धुतला.

संध्याकाळी प्रसन्न, माझा नवरा, टेप घेऊन भिंत मोजू लागला. मोजता मोजता त्याने मागच्या महिन्यातल्या जत्रेचा विषय काढला. तिथे मौत का कुआँ होता. एक बाई दोन्ही पाय एका बाजूला सोडून विहिरीसारख्या गोल लाकडी भिंतीवर मोटारसायकल फिरवत होती. मी लागोपाठ तीन खेळ बघितले. रेवू पेंगुळली, तरी हलले नाही. तो म्हणाला ते सगळं खरंच आहे. रोज लसूण सोलताना मी मालिका लावते आणि जिन्यावरून कोण पडणार ते मला आधीच ठाऊक असतं. त्या बाईचं मात्र पुढच्या फेरीत काय होईल, सांगता येत नव्हतं.

"तुलाच हौस होती," सासूबाई म्हणाल्या. त्यांची काळजी निराळी होती. गोल भिंतीला मांडणी टेकेना.

खोली रोज थोडी थोडी आवळत गेली. गुरुवारपर्यंत खाली जेमतेम स्कूटी उभी राहील एवढी जमीन उरली. ओटा शेगडीसकट भिंतीच्या मध्यावर गेला. आम्ही सगळे माळ्यावर राहायला गेलो. माळाही आता गोल झाला होता, त्याला कठडा आला होता. शेगडीपर्यंत वेगानेच पोचता येणार होतं आणि स्वयंपाक तर करायचाच होता. मी ओढणी खोचली, पॅसेजमधली स्कूटी आत घेतली.

पहिल्या फेरीला डोळे मिटावेसे वाटले. तिसरीला पोटात खड्डा पडला, पूर्वी आकाशपाळण्यात पडायचा तसा, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. वरून तिघांनी टाळ्या वाजवल्या. एका फेरीत फोडणी टाकली, दुसरीत डाळ. हळद जराही सांडली नाही.

दुसऱ्या दिवशी टाळ्या नव्हत्या. जत्रेत लोक कठड्यावरून रुमाल पुढे धरतात आणि ती बाई जाता जाता खेचून घेते. तसं घरच्यांनी सुरू केलं. प्रसन्नने रिकामा डबा धरला. सासूबाईंनी कोथिंबिरीची जुडी धरली. "जाता जाता निवडून टाक," म्हणाल्या.

रेवू फक्त माझ्याच हातून जेवते. सासूबाईंनी भरवून पाहिलं, प्रसन्नने चिऊचा आणि काऊचा घास करून पाहिला, पण ती ओठ घट्ट मिटून घेते. म्हणून मी दर फेरीला काठाशी जाते आणि एक घास तिच्या तोंडात घालते. एका जेवणाला एकवीस फेऱ्या लागतात. तिचे ओले ओठ बोटांना लागले की पुढच्या फेरीपुरता माझा जीव भांड्यात पडतो.

पण खोली आवळतेच आहे. फेरी चटकन संपते आणि वेग कमी केला तर चाक निसटतं. काल तिघांचे चेहरे अजून वेगवेगळे होते. आज सकाळपासून ते एकमेकांत मिसळलेत. कठड्यावर आता एकच लांब चेहरा आहे, सगळीकडून फिरून परत स्वतःलाच जुळणारा.

माझ्या हातात वरणभाताचा घास आहे. त्यातली शितं एकेक करून वाऱ्यावर सुटतायत.

"रेवू, आ कर," मी म्हणाले.

अख्ख्या कठड्याने आ केला.

रेवूला हा नवा खेळ वाटला असावा. हसू चारी बाजूंनी आलं.

"आई, यातली मी कुठली, सांग ना?"