बारमधल्या गप्पांचा इतिहास

सॅन होजेच्या वाचनालयात दर मंगळवारी आम्ही म्हातारे जमतो आणि आमच्याच सिलिकॉन व्हॅलीचे इतिहास वाचतो. सगळे संगणकाच्या चिपच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. प्रत्येक पुस्तक जर्दाळूच्या बागांपासून सुरू होतं आणि गॅरेजात बसलेल्या कुठल्यातरी पोरापाशी येऊन थांबतं. मला त्याचा कंटाळा येतो. पण यावेळच्या पुस्तकाने माझं डोकंच फिरवलं.

त्यात म्हटलं होतं की ही व्हॅली मोठी झाली ती बारमधल्या गप्पांमुळे. शुक्रवारी संध्याकाळी एका कंपनीतली माणसं दुसऱ्या कंपनीतल्यांशी मोकळेपणाने बोलायची, अडलेलं एकमेकांना सांगायची. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कंपन्या तोंड शिवून बसल्या आणि मागे पडल्या. मंडळी माना डोलवत होती. मी मात्र तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो.

कारण मला नोकरीवरून काढलं होतं ते याच गप्पांपायी. समोरच्या कंपनीतला डेल बारमध्ये रडकुंडीला आला होता. त्यांच्या सिलिकॉनच्या चकत्या भट्टीतून काढताना वाकड्या व्हायच्या. मी म्हटलं, "घाई करू नका रे, हळू ओढा." एवढंच. सोमवारी मला घरी पाठवलं. पुढे जन्मभर टीव्ही दुरुस्त केले आणि बायकोचे टोमणे ऐकले. फिलोमेनाच्या लेखी माझ्या जिभेनेच घर बुडवलं.

पुस्तक घेऊन तडक घरी आलो. ती सॉसेज परतत होती. मी अख्खं पान तिला वाचून दाखवलं.

"म्हणजे व्हॅली तू घडवलीस?"

"मी नाही, पुस्तक म्हणतंय."

"मग पुतळा कुठे उभारलाय तुझा?"

मला हसू आलं. आज कितीही टोच, बाई. पण तिने चष्मा लावला आणि पान स्वतः वाचलं.

"लिओनेल, सगळेच बोलायचे?"

"सगळेच."

"तुझा साहेबसुद्धा?"

"दोन टेबलं सोडून बसायचा, डेलच्या साहेबाबरोबर. वर सोमवारी मलाच विचारायचा, काय ऐकलंस म्हणून."

"त्याला कोणी काढलं?"

"त्याला कशाला काढतील? पुढच्याच पानावर नाव आहे त्याचं. दिलदार माणूस म्हणून."

तिने पान उलटून ते नाव पाहिलं.

"मग तुलाच का काढलं?"

"अगं, मी बोललो म्हणून."

"तो पण बोलला."

इतकी वर्षं मी चुकलो होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुपारपासून मी बरोबर होतो. आता काय होतो, तेच कळेना.

फिलोमेनाने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"सांग ना," ती म्हणाली.