सम्राट आग्रह करतात

"हलू नका गणपतराव, दाढी कानाकडे चाललीय," असं म्हणत प्रफुल्लने त्याच्या हनुवटीवर गोंदाचं आणखी एक बोट फिरवलं.

गणपत हलत नव्हता, थरथरत होता. ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या पाइपच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर. कोणी काही देऊ केलं की त्याच्या तोंडातून आधी 'नको' बाहेर पडायचं. चहा नको, लिफ्ट नको, मस्कतला कुरुमच्या हेड ऑफिसातली बढतीसुद्धा नको. तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात वर्षानुवर्षं तो पडदा ओढत आला. यंदा कायमचं गावी परतायचं ठरलं, तेव्हा मात्र तो आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे काही मागायला गेला.

"प्रफुल्लसाहेब, एखादं वाक्य असलं तर बघा. लहानसं चालेल."

प्रफुल्ल त्याच कारखान्यात इंजिनियर होता. नाटकंही त्याची पाइपांसारखीच, लांब आणि आतून मोकळी. यंदा त्याने प्राचीन इराणच्या सम्राटाची मेजवानी लिहिली होती. त्या दरबारात म्हणे सोन्याचा प्रत्येक प्याला वेगळ्या घडणीचा असे. एवढी ऐतिहासिक अचूकता मंडळाला सहज जमली, कारण प्रत्येक प्याला वेगळ्या घरून आला होता. वर सोनेरी कागद चिकटवला की झालं. शाही मद्य म्हणून रमजानमध्ये उरलेलं विम्टोचं सरबत होतं.

गणपत जिंकलेल्या प्रांताचा राजदूत. सम्राट देतील तो प्याला कपाळाला लावायचा, एक वाक्य म्हणायचं आणि प्यायचं. प्याला नाकारणं म्हणजे बंड. त्यासाठी भालदार जैनुद्दीन पडद्याचा रॉड घेऊन उभाच होता.

"वाक्य झोपेत म्हणता तसंच म्हणा," विंगेत सुलोचनाने नवऱ्याचा अंगरखा सारखा केला. "आपली माधवी पुढेच बसलीय. कधी नव्हे ते मराठी नाटकाला आलीय पोरगी."

सम्राट झाले होते जवळच्या खाबुरा गावातले मसाल्याचे व्यापारी, मूळचे रत्नागिरीचे बदरुद्दीनभाई. आवाज आणि पोट, दोन्ही साम्राज्याला साजेसं. गणपत पुढे आला तसा त्यांनी प्याला उचलला.

"राजदूत, हा घ्या."

"नको," गणपत म्हणाला.

विंगेत प्रफुल्ल मटकन खाली बसला. गणपतला वाक्य पाठ होतं, पण त्याच्या आधी जिभेवर हे दुसरंच उभं होतं, आणि ते काही केल्या बाजूला होईना.

"नको खरंच. घरून घेऊनच निघालो."

आता शिरच्छेदाचा हुकूम सुटायला हवा होता. पण दारचा पाहुणा नको म्हणतोय म्हटल्यावर बदरुद्दीनभाईंच्यातला सम्राट मागे सरला आणि रत्नागिरी पुढे आली.

"असं कसं? आमच्या दरबारातून कोण सुक्या तोंडाने गेलाय आजवर?"

"तसं नव्हे महाराज. पोटात जागाच नाही."

"अर्धा घ्या."

"अर्धा फार होतो."

"महाराणींच्या हातचं आहे. तुम्ही नाही घेतलंत तर मला आत जाऊन ऐकावं लागेल."

लोक खुर्च्यांवरून घसरायला आले होते. मागून एक आजीबाई म्हणाल्या, "घोटभर घे रे बाबा, माणूस एवढं म्हणतोय तर." जैनुद्दीनने भाला खांद्याला टेकवला. "घ्या ना भाऊ. माझं पण काम वाचेल."

गणपतने समोर पाहिलं. माधवी पोट धरून हसत होती. त्याने प्याला घेतला, कपाळाला लावला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं ठासून म्हणाला, "सम्राटांचं हे दान माझ्या प्रांताला शिरोधार्य आहे." मग एका दमात प्याला रिकामा केला. इराणच्या दरबारात कोणाला पडल्या नसतील एवढ्या टाळ्या पडल्या.

"तो प्रसंग लिहिताना फार त्रास झाला," प्रफुल्ल जेवणाच्या रांगेत सगळ्यांना सांगत होता.

रंगमंच रिकामा झाल्यावर माधवी कॅमेरा घेऊन वर चढली.

"पप्पा, तिकडे बसा. किंगच्या त्या... खुर्चीत. इंडियाला माझ्या रूममध्ये लावणार मी फोटो."

गणपतने बदरुद्दीनभाईंकडे पाहिलं. त्यांनी आपला मुकुट काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. गणपत सिंहासनाच्या कडेला टेकला.

"मागे बसा ना. नीट."

तो मागे सरकला. पाठ टेकली, दोन्ही हात सिंहासनाच्या हातांवर ठेवले. फ्लॅश पडला. माधवी खाली उतरून गेली, आतून बिर्याणीचा वास आला, सुलोचनाने दोनदा हाक मारली. तो तसाच बसून राहिला.