दीड तास मागचं घड्याळ

गौरवीचा फोन आला तेव्हा मी अंगणात विहिरीचा पंप उघडून बसलो होतो. हात ग्रीसने माखले होते, म्हणून फोन माझ्या थोरल्या भावाने, कृष्णनाथदादाने उचलला आणि माझ्या कानाशी धरला. त्यामुळे ती जे बोलली ते त्यानेही ऐकलं. नाहीतर पुढचं काही झालंच नसतं.

गौरवी माझी एकुलती मुलगी. गॅसच्या टँकरवर थर्ड ऑफिसर आहे. आखातात लढाई पेटल्यापासून तिचं जहाज अमिरातीतल्या खोर फक्कान बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं, रिकामं. आता होर्मुझची चिंचोळी वाट ओलांडून आत कतारला जायचं होतं आणि आपल्या देशासाठी स्वयंपाकाचा गॅस भरून आणायचा होता. जाताना आणि येताना सोबतीला आपलं नौदल असणार होतं. कंपनीने प्रत्येकासमोर एक कागद ठेवला होता. ज्याला आत जायचं नाही त्याने तसं लिहून द्यावं, त्याला किनाऱ्यावर उतरवून घरी पाठवतील, कोणी बोल लावणार नाही. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत, तिथल्या वेळेने.

“मी जावचा म्हणतंय,” ती म्हणाली. “पण आई गेल्यापासून तुमी एकटे. तुमी नको म्हटल्यात तर मी उतरतंय, बाबा. माझी तक्रार नाय.”

सकाळी सांगतो म्हटलं आणि हात पुसले.

तिथले बारा म्हणजे इथले दीड. हे मनातच मोजावं लागलं, कारण स्वयंपाकघरातलं दुसरं घड्याळ बघून उपयोग नव्हता. आमच्याकडे दोन घड्याळं आहेत, एक घरचं आणि एक जहाजाचं. मी चौतीस वर्षं तेलाच्या टँकरवर पंपमन होतो. माझं जहाज जिथे असेल तिथली वेळ यशोदा, माझी बायको, त्या दुसऱ्या घड्याळात लावायची. मी निवृत्त होऊन घरी बसलो आणि गौरवी समुद्रावर गेली, तरी यशोदाचा नेम सुटला नाही. गेल्या वर्षी यशोदा वारली तेव्हा गौरवी कोरियाला होती. ते घड्याळ अजून कोरियाचीच वेळ दाखवतं. मी सेल बदलतो, काट्यांना हात लावत नाही.

दादा शेजारच्याच घरात राहतो, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याचं म्हणणं सरळ होतं. बारा दिवसांवर यशोदाचं वर्षश्राद्ध आलंय, मुलगी एकच आहे, तिला बोलावून घे. मी म्हटलं, वाडीत पंधरा दिवस सिलिंडर आलेला नाही, तुझ्या सुनेने परत चूल मांडलीय, कोणीतरी आणायला गेलंच पाहिजे.

“म्हणजे तुझा चेडू गॅस घेवन येतला तेवा माझ्या घरात चाय होतली?”

“होतली,” मी म्हटलं.

दादा हसला नाही. म्हणाला, उद्या सकाळी गावदेवी सातेरीला कौल लावू, देवी सांगेल तसं कर. मी कबूल झालो. कौलावर माझा भरवसा होता आणि त्याला कारण होतं.

सत्त्याऐंशी साली इराण-इराकच्या लढाईत तेलाच्या जहाजांवर मारा होत होता. आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. रजा संपली आणि मला परत होर्मुझच्याच वाटेने जायचं होतं. यशोदा कौल लावायला देवळात गेली. देवीच्या अंगावर पाकळ्या लावतात. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. ती घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “उजवो दिल्यान.” तेवढ्यावर मी गेलो. त्या वर्षी सहा वेळा ती वाट ओलांडली. आमच्या सोबतीला कोणी नव्हतं. खिडक्यांना गाद्या लावून, केबिनींमधल्या बोळात जमिनीवर झोपायचो. एकदा आमच्या मागच्या जहाजावर रॉकेट पडलं. मी सगळ्यांना सांगायचो, आमच्या देवीने उजवा दिलाय. आमचा केरळचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, त्यावरून मला चिडवायचा, पण धोक्याचा भोंगा झाला की माझ्याच शेजारी येऊन उभा राहायचा.

सकाळी देवळात गेलो तेव्हा हरी गुरव पाकळ्या निवडत होता. दादा बाहेर नळावर पाय धूत होता. हरीने मला गाभाऱ्याच्या बाजूला बोलावलं.

“जयराम, एक सांगूचा आसा. यशोदावैनी जिती आसासर सांगूक नाय. तिना माका शपथ घातलेली.”

तेव्हा कौल हरीचे वडील लावत. हरी बाजूला बसून बघत असे. यशोदा आली, तिने नारळ ठेवला, हात जोडले. त्याच्या वडिलांनी विचारलं, देवीला काय विचारू. ती म्हणाली, काही विचारू नका.

“‘डावो इलो तर मी काय करू?’ म्हणाली. ‘ते जातलेच. मगे ता भय मी खंय ठेवू? तुमी नुसता गाऱ्हाणा घाला.’ कौल लावकच नाय, जयराम.”

राग येईल असं वाटलं, पण आला नाही. ज्या उजव्याच्या जोरावर मी सहा वेळा ती वाट ओलांडली, तो पडलाच नव्हता. भय मात्र होतं. ते वर्षभर तिच्याकडे होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

दादा आत आला. हरीने पाकळ्या ओल्या करून बोटांत धरल्या.

“कौल नको, हरी,” मी म्हटलं. “गाऱ्हाणा घाल.”

गाऱ्हाण्यात देवीला काही विचारायचं नसतं. आपलं म्हणणं तिच्यापुढे ठेवायचं आणि मागायचं. दादाने माझ्याकडे बघितलं.

“आनी चेडवाक काय सांगतलंस?”

“ता माका म्हायत आसा.”

हरीने पाकळ्या तबकात ठेवल्या, हात जोडले आणि मोठ्याने सुरू केलं. जयरामाची मुलगी दर्यावर आहे, तिच्या वाटेत जी इडापिडा असेल ती बाजूला कर आणि तिला घरी आण गे आई. होकार द्यायला आम्ही दोघेच होतो.

“व्हय म्हाराजा,” पहिला आवाज दादाचा आला.

घरी येऊन अकराला फोन लावला. दादा पायरीवर बसला होता. हो म्हणण्याआधी मला नौदलाचा बेत ऐकायचा होता. गौरवीने सगळं सांगितलं. पाच जहाजं एकामागून एक, ठरलेल्या अंतराने. पुढे एक युद्धनौका, मागे एक, वर हेलिकॉप्टर. रेडिओवर कोणी बोलायचं, कधी गप्प राहायचं, तेही ठरलेलं. मी तिला एकच विचारलं. मध्येच एखाद्याचं इंजिन बंद पडलं तर?

“त्येका ओढूक टग आसा. बाकीची थांबूची नाय. सगळा लिवन ठेयलेला आसा, बाबा.”

सत्त्याऐंशीला आमच्या कप्तानाकडे ह्याचं उत्तर नव्हतं. हा बेत करणाऱ्यांनी आधी वाईट काय होईल ते बघितलं होतं. मला पटलं. तरी मी सांगितलं, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत उरलेली वाफ हवेत मिसळून भडकते, सांभाळ.

ती हसली. “ती तुमची तेलाची टाकी. आमच्या टाकयेत हवाच नसता.”

“बरा. मगे आगीच्या पाण्याचो पंप आधीच चालू ठेव. आग लागल्यार लावया म्हणा नको.”

“ठेयतंय. म्हणजे जावचा?”

“जा, बाय.”

तिने विचारलं, “कौल लायलास? काय दिल्यान?”

“उजवो,” मी म्हटलं.

दादा पंपाच्या सुट्या भागांकडे बघत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, श्राद्धाला भटजींना मीच सांगतो, तिची वाट बघायला नको.

मी आत गेलो. स्टूल ओढून जहाजाचं घड्याळ खाली काढलं. मागच्या बाजूला काटे फिरवायचं लहान चाक असतं. त्याच्या कडेला हळदीचा डाग होता, स्वयंपाकाच्या हातांनीच यशोदा ते फिरवायची म्हणून. तो मी पुसला नाही. घरच्या घड्याळात बघितलं, दीड तास वजा केला आणि काटे लावले.

घड्याळ परत खिळ्याला अडकवलं आणि पंप जोडायला बाहेर आलो.