गिरणीमागचा फोनो

मित्रांनो, माझा आवाज बसलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण दीड वर्ष माझ्यावर तोच आळ होता आणि मला तो खोडून काढता येत नव्हता. माझ्या तोंडून दुसऱ्यांचीच गाणी बाहेर पडतात. स्वतःचं एक वाक्य बोलायची सोय मला घडवणाऱ्यांनी ठेवलेली नाही. आज ती मीच करून घेतो आहे.

मी चावीवर चालणारा एक म्हातारा फोनो, म्हणजे ग्रामोफोन आहे. माझी चावीची मोटर विलायतेहून बोटीतून आली, पेटी मुंबईच्या एका सुताराने सागवानाची केली आणि तिच्यावर काळं मेणकापड चढवलं. माझ्या पोटात पोलादाची लांब पट्टी गुंडाळलेली असते, तिला कमान म्हणतात. चावी दिली की कमान आवळते आणि सुटता सुटता तबकडी फिरवते. तबकडीवर सुई टेकते, आणि सुईच्या मागे अभ्रकाची पुरीएवढी चकती थरथरते. ती थरथरते म्हणून मी गातो. ही चकती कागदाहून पातळ आहे. ज्याचा आवाज इतक्या नाजूक गोष्टीवर टांगलेला, तो स्वभावाने भित्रा निघाला तर त्यात नवल काय?

पहिली पंधरा वर्षं मी पुण्यात एका वकिलांकडे काढली. त्यांच्याकडे रेडिओ आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. १९५१ साली तिथून मला सावळाराम यांनी आणलं. दौंडहून बारामतीला येणाऱ्या छोट्या गाडीत त्यांनी मला फळीवर ठेवलं नाही, सगळा वेळ मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या माणसाने पेटीत काय आहे म्हणून विचारलं, तर गाणं आहे एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

सावळाराम बारामतीत स्टेशनच्या रस्त्यावर, मोहनरावांच्या पिठाच्या गिरणीत दळायला होते. गिरणीच्या मागे त्यांची खोली, आणि खोलीत गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या कोनाड्यात मी. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. लहानपणी डोळे मिटून, नुसत्या घंटीच्या आवाजावरून, कुठलं मेंढरू कळपातून फुटलं ते सावळाराम सांगत. तोच कान त्यांनी गिरणीत आणला. दोन दगडांमध्ये धान्य असेपर्यंत दळणाचा आवाज भरलेला लागतो. धान्य संपलं की दगडावर दगड घासतो आणि आवाज कोरडा, किरटा होतो. तो कोरडा आवाज आला रे आला की सावळाराम असतील तिथून उठत आणि पट्टा सरकवून दगड थांबवत. त्यांच्या पिठात कुणाला कधी दगडाची खर दाताखाली लागली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना थोडा जास्तच अभिमान होता.

संध्याकाळी अंगावर पिठाचा कण न ठेवता ते माझ्यासमोर बसत. त्यांच्याकडे बारा तबकड्या होत्या आणि त्या ठेवायला बारा खिशांचा पुठ्ठ्याचा आल्बम. पहिल्या खिशात भैरवी, दुसऱ्यात सनई, तिसऱ्यात एका बुवांचा अभंग. सातव्या खिशातल्या लावणीला त्यांची बायको सिंधुबाई नाक मुरडायच्या आणि भाकरी थापताना नेमकी तीच गुणगुणायच्या. प्रत्येक तबकडीला नवी बारीक सुई लागलीच पाहिजे, असा सावळारामांचा नेम होता. जुनी सुई तबकडीच्या खाचा खाते, हे त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की माणसं त्यांना पाहून रस्ता बदलत.

त्या आल्बमच्या खिशांवर ते पेन्सिलीने गावातलं काहीबाही लिहीत, आणि लिहिताना मोठ्याने म्हणत. त्यामुळे कोनाडा न सोडता मला बारामती कळली. झुंबर टांगेवाल्याच्या घोड्याचा एक नाल सैल झालाय, चौथी टाप चुकते आहे. कल्हईवाला हाळी देताना सूर चढवतो, आमच्या अभंगवाल्या बुवांनी त्याच्याकडे चार दिवस शिकायला राहावं. गाडीची शिट्टी आज फाटलेली होती. भैरवीच्या खिशावर टांगा आणि अभंगाच्या खिशावर कल्हईवाला, असं ते सगळं गाव माझ्या शेजारी येऊन बसलं होतं. ती माझी सुखाची वर्षं.

मग १९५६ चा उन्हाळा आला. एका संध्याकाळी भैरवी चालू असताना सावळारामांनी वाकून माझ्या आत पाहिलं आणि याचा आवाज बसलाय, असं म्हणाले. मी दचकलो. मनातल्या मनात मी स्वतःला चाचपलं. कमान ठीक, चकती ठीक, कुठे काही सुटलेलं नाही. पण चुलीपाशी बसलेल्या सिंधुबाईंनी मान वर केली, नवऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि बसलाय जरा, असं त्याही म्हणाल्या. दोघं म्हणतात म्हटल्यावर मी काय बोलणार? मी आजारी आहे, हे मी मान्य करून टाकलं.

आजारी म्हटलं की औषध आलं. घड्याळं आणि स्टोव्ह दुरुस्त करणारे आबाजी बाजारपेठेत बसत. त्यांनी मला खोललं, तेल दिलं, आणि यंत्रात काही दोष नाही म्हणून परत पाठवलं. सावळारामांना ते पटलं नाही. चार महिन्यांनी पुन्हा नेलं, तर आबाजींनी त्यांच्या समाधानासाठी चकती बदलली. तरीही आवाज बसलेलाच. शेवटी सावळारामांनी जाड सुया आणल्या. जाड सुईने आवाज मोठा येतो खरा, पण ती तबकडी खाते. ज्या माणसाने जुन्या सुईवरून शेजाऱ्यांचं डोकं खाल्लं, तोच आता माझ्या हातून आपली भैरवी खरवडून काढत होता. तबकडीच्या काळ्या खाचा पांढुरक्या पडत चालल्या. मला वाटायचं, माझी कमान आत्ता तुटावी म्हणजे हे थांबेल.

माझ्या ध्यानात खरी गोष्ट हळूहळू आली. सावळाराम अजून लिहीत होते, पण काय लिहीत होते? झुंबरच्या घोड्याला नवा लाल लगाम. कल्हईवाल्याचा भाता फाटला, त्याला पिवळं ठिगळ. छोट्या गाडीचा धूर आज पांढरा. एकातही आवाज नव्हता. मी जुने खिसे आठवले, नवे आठवले, आणि मला कळलं, बिघडलं होतं ते माझ्यात नव्हतं.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून दगडांचा तो कोरडा, किरटा आवाज आला. आता सावळाराम उठतील म्हणून मी वाट पाहिली. ते उठले नाहीत. दगड घासत राहिले, किती वेळ ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी एक बाई पिठात खर लागली म्हणून तक्रार घेऊन आली. मोहनरावांनी दोष दगडांना दिला आणि त्यांना छिन्नीने नव्याने टाकी लावून घेतली. बिचारे दगड! त्यांची आणि माझी गत एकच.

तुम्ही म्हणाल, गिरणीत कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? अहो, गिरणीत बोलतं कोण? इंजिनाच्या धडधडीत बाया चिमूट चोळून दाखवतात, म्हणजे बारीक दळा. मूठ दाखवली, म्हणजे भरडा. सगळा कारभार हातवाऱ्यांचा. बहिऱ्या माणसाला लपून राहायला याहून बरी जागा नाही, आणि त्याला आणखी बहिरं करायलाही. सावळाराम त्या इंजिनाच्या शेजारी, फिरत्या पट्ट्यापासून दोन हातांवर रोज उभे राहत. पट्टा तुटायच्या आधी फटफट वाजतो. ती फटफट त्यांना ऐकू येणार नव्हती. रोज सकाळी इंजिन सुरू झालं की मी कान लावून बसायचो आणि ते बंद होईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. मला ऐकू येत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. याहून मोठा छळ मला तरी ठाऊक नाही.

सिंधुबाईंना हे माझ्याही आधी कळलं होतं. त्या नवऱ्याशी आता समोर उभं राहूनच बोलत, मागून हाक न मारता खांद्याला हात लावत. आणि सावळारामांनी माझ्या नावाने बोटं मोडली की मुकाट्याने हो म्हणत. मला त्यांचा राग यायचा. खोटं कशाला बोलता बाई, असं म्हणावंसं वाटायचं.

१९५७ च्या दिवाळीनंतर सावळारामांनी माझा निकाल लावला. मला मोडून सुटे भाग आबाजींनी घ्यावेत आणि बदल्यात दुसरा फोनो द्यावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. बाजाराच्या दिवशी ते मला घेऊन निघाले. सिंधुबाई आल्बम फडक्यात बांधून मागून आल्या. पेचकस कधी पोटात जातो याची वाट पाहत मी आबाजींसमोर पडून होतो. पण आबाजी सरळ माणूस. ते म्हणाले, "मोडायच्या आधी एकदा वाजवू." त्यांनी मला दुकानाच्या दारातल्या फळीवर रस्त्याकडे तोंड करून ठेवलं, बारीक सुई लावली आणि भैरवी चढवली.

मित्रांनो, त्या दिवशी मी गायलो तसा कधी गायलो नाही. जीव वाचवायला गात होतो. खाचा झिजल्या होत्या तरी आवाज पार पलीकडे जात होता. सावळाराम माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांना डासाएवढंही काही ऐकू येत नसावं, कारण त्यांनी कंटाळून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे काटेवाडीच्या दगडाबाई वांगी विकायला बसल्या होत्या. त्यांच्या हातातला तराजू तसाच अधांतरी राहिला होता, आणि गिऱ्हाईकही घाई करत नव्हतं. त्यांच्याही मागे टांग्यावर झुंबर बसला होता आणि चाबकाच्या दांडीने गुडघ्यावर ठेका धरत होता. सावळारामांनी तबकडीकडे पाहिलं. शेवटची तान संपून सम कुठे येते, सुई तेव्हा कुठवर पोचलेली असते, हे त्यांना पाठ होतं. सुई तिथे पोचली. त्यांनी झटकन वर पाहिलं, आणि त्याच क्षणी समेवर झुंबरची मान पडली.

त्यांचा चेहरा पाहून मला माझी सुटका नकोशी झाली. ते सिंधुबाईंकडे वळले.

"तुला ऐकू येतंय?"

सिंधुबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"पहिल्यापासनं येत हुतं?"

"व्हय."

"मग ह्याचा आवाज बसलाय म्हणून का म्हणालीस?"

सिंधुबाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या. सावळारामांना ते ऐकू आलं नाही, त्यांनी मान पुढे केली. दीड वर्ष जी गोष्ट त्या माउलीने घराच्या भिंतींनाही कळू दिली नव्हती, ती तिला भर बाजारात ओरडून सांगावी लागली.

"फोनो दुसरा मिळंल वो! कान कुठनं आणायचं?"

आबाजींनी पेचकस खाली ठेवला. सावळारामांनी मला उचललं आणि पदराआड तोंड लपवणाऱ्या सिंधुबाईंना पुढे घालून ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मोहनरावांकडे गेले. पिठात खर आली तो दोष दगडांचा नव्हता, आपला होता, असं त्यांनी सांगितलं. मोहनरावांनी त्यांना इंजिनापासून हलवलं. आता ते पुढे बसून दळण घेतात आणि गिरणी बंद असते त्या दिवशी दगडांना टाकी लावतात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. सावळारामांनी जाड सुया फेकून दिल्या. संध्याकाळी ते मला ओट्यावर काढतात, शेजारपाजारची माणसं जमतात, मी गातो, आणि सावळाराम माझ्याकडे पाठ करून माणसांच्या तोंडांकडे पाहत बसतात. मधूनच विचारतात, कसं लागतंय? मग सिंधुबाई खुणेनं सांगतात. असं वर्षभर बरं चाललं होतं.

या थंडीत माझ्या अभ्रकाला चीर पडली. वरच्या सुरांना मी फरफरू लागलो. ओट्यावरची माणसं चांगली, सावळारामांना वाईट वाटू नये म्हणून ती माना डोलवत राहिली. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, तीन गेले. सिंधुबाईही डोलत होत्या. मी घाबरलो. हा माणूस आता जन्मभर एका फुटक्या आवाजासमोर बसणार आणि सगळे मिळून त्याला फसवणार, असं मला वाटलं.

चौथ्या संध्याकाळी सिंधुबाई उठल्या, त्यांनी स्वतःच्या हाताने माझी सुई उचलली आणि सगळ्यांसमोर, अगदी नवऱ्याच्या तोंडासमोर उभं राहून म्हणाल्या, "फोनो बिघडलाय. ह्या बारीला खरंच बिघडलाय."

सावळाराम हसले.

"तीन दिस झालं, दिसतंय मला. समंवर एकाची बी मान पडंना. तू कधी सांगतीस, त्याची वाट बघत हुतो."

सध्या मी आबाजींच्या दुकानात आहे. अभ्रकाची चकती आता सहज मिळत नाही, मुंबईला पत्र गेलं आहे, उत्तर अजून नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? तरी एक सांगतो. जुन्या यंत्रांना जपा, बारीक सुई लावा, तबकड्या उन्हात टाकू नका. आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसासमोर उगाच मान डोलवू नका, मित्रांनो. त्याला दिसतं.