हिमनाथबाबांची गार खोली

मॉरिशसमधल्या बों अक्योय गावच्या शेवटच्या गल्लीत बायाबापड्यांची रांग उसाच्या शेतापर्यंत गेली होती. जानेवारीचं, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्याचं ऊन अंग भाजत होतं, पण हिमनाथबाबांच्या खोलीत पाऊल टाकलं की अंगाला गारवा लागे. ना पंखा, ना बर्फ!

"कैलासाचा वारा कोंडून ठेवलाय, बेटा!" बाबा डोळे मिटून सांगत. "हा अंगारा घराच्या चार कोपऱ्यांत पुरा. घर थंड झालं नाही, तर समजा श्रद्धा पातळ!"

"बोंदिए! देवा रे!" शेजारचा बलराम कानाला हात लावायचा. "दिवसभर पंखा फिरवून माझं विजेचं बिल फुगतंय, आणि इथं बघा!"

रांगेत निर्मला सासूला, हिराबाईंना धरून उभी होती. निर्मला शाळेत शिकवायची. वादळानंतर जुनं पाचटाचं छप्पर काढून पत्रा घालायचा हट्ट तिचाच. "चार लोकांत शोभायला नको?" असं ती म्हणाली होती. तेव्हापासून हिराबाईंची खोली म्हणजे भट्टी. अंगारा पुरूनही काही फरक पडला नाही, म्हणून ती म्हातारीला बाबांच्या पायांवर घालायला घेऊन आली होती.

"पोरी, घरी जाऊ या. डोकं गरगरतंय," हिराबाई म्हणाल्या.

"थोडं थांबा, आई. आत गेलात की बरं वाटेल."

हिराबाई तिथंच कोसळल्या. जवळच्या फ्लाक गावच्या इस्पितळात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "या वयात त्यांना उन्हात कुणी उभं केलं?"

म्हातारी वाचली, पण जीभ जड झाली.

निर्मला जाब विचारायला बाबांकडे गेली. बाबांनी उसासा टाकला. "म्हातारीची श्रद्धाच कमी पडली."

बाबांच्या पांढऱ्या गादीवर वरून बारीक भुसा पडत होता. ती बघत राहिली. गार वारा कैलासावरून येतो, तर कचरा कुठून येतो? तिनं छत्री उचलली आणि छताची सैल फळी वर ढकलली. भसकन पाचटाचा ढीग बाबांच्या जटांवर कोसळला.

"अरे, हे तर आपल्या उसाचं पाचट!" दारातून बलराम ओरडला.

"पाप! पाप!" बाबा पाचट झटकत बोंबलले, आणि मागच्या दारानं पसार झाले.

बलरामनं शिडी लावली. पत्र्याला वरून जाड चुना होता. पत्रा आणि फळ्या यांच्या मधे वीतभर पाचट दाबून भरलं होतं. चुना ऊन परतवतो, पाचटात अडकलेली हवा झळ खाली उतरू देत नाही. हाच तो कैलास.

निर्मलानं सासूच्या खोलीवर तसंच छत करून घेतलं. भर दुपारी पंखा बंद, तरी खोलीत बसवू लागलं. गाव बघायला लोटलं. एक बाई वाकून तिच्या पाया पडू लागली, तशी ती मागं सरली.

"नको! माझ्या पायांत काही चमत्कार नाही. ऊन छपरातून आत येतं, त्याच्या आड काहीतरी घालावं लागतं, बस्स. शाळेत मुलांना 'का?' विचारायला मीच शिकवते. बाबांपुढं मात्र मी हात जोडले, आणि त्याचं मोल आईंनी मोजलं."

खाटेवर हिराबाई काहीतरी पुटपुटल्या. लोकांना कळलं नाही. निर्मलाला कळलं. त्या तिला रडू नको म्हणत होत्या.

तिनं डोळे पुसले नाहीत. "तुम्ही तरी हात जोडण्याआधी विचारा," ती म्हणाली. "आणि विचारायला आपलं माणूस कोसळण्याची वाट बघू नका."