उशिराचं कारण

नानांनी आयुष्यात कुठलीही तारीख चुकवली नव्हती. लग्नाला मांडववाल्यांच्या आधी आणि गाडीला ड्रायव्हरच्या आधी हजर होणारा माणूस तो. असा माणूस पर्यटक म्हणून मुलाकडे परदेशात आला आणि मुक्काम वाढवून घ्यायच्या अर्जाची शेवटची तारीख चुकवून बसला. विसरला म्हणावं तर तसंही नाही. तारीख त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

नियम सोपा होता. व्हिसा संपायच्या सात दिवस आधी अर्ज द्यायचा. सोबत फोटो, पासपोर्टची नक्कल आणि ज्याच्या घरी राहणार त्याच्या सहीचं पत्र. नानांनी फोटो काढून घेतले, नकला काढल्या, पत्राचा छापील नमुनाही मिळवला. किती दिवस हवेत त्या जागी शिसपेन्सिलीनं पंधराचा आकडा टाकला. कुणाला जास्त वाटला तर खोडता यावा म्हणून पेन्सिल. राहता राहिली सही. ज्याची ती हवी होती तो रोज सकाळी समोर बसून चहा पीत होता, आणि नाना त्याला हवापाणी विचारत होते. नऊ दिवस तो कागद त्यांच्या कोटाच्या खिशात घडी घालून पडून राहिला.

आता ह्या न विचारण्याला कारण होतं, आणि ते वीस वर्षांपूर्वीचं होतं. नाना कचेरीत हेडक्लार्क होते. अर्जात कानामात्रा चुकली तरी लाल शाईनं 'त्रुटी दूर करून फेरसादर करावा' असा शेरा मारत. माघारी सगळे त्यांना 'फेरसादर'च म्हणत. नानांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्या वर्षी मुलाला कॉलेजच्या प्रवेशासाठी एक दाखला हवा होता. अर्जाच्या शेवटच्या दिवशी आईचं ऑपरेशन निघालं. मुलगा दिवसभर दवाखान्यात तिच्या उशाशी बसला. नाना मात्र कचेरीत होते, शेवटची तारीख म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुलगा त्यांच्याच खिडकीसमोर रांगेत उभा राहिला.

"काल यायला हवं होतं," नानांनी अर्ज परत सरकवला.

"नाना, काही करता येतं का, बघा ना."

"नियमात तरतूद नाही. पुढचे या."

मुलाचं वर्ष गेलं. पुढे तो घराबाहेर पडला तो थेट समुद्रापलीकडे जाऊन थांबला. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, कधीतरी मिटलं तरी असतं. बापलेकांचं बोलणं आईमार्फत चालायचं. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि मधलं माणूसच उरलं नाही.

इथे आल्यावर पहिले दोन महिने "जेवलात का?" आणि "गरम पाणी आहे" एवढ्यावरच निभावलं. मग एका रविवारी नातीच्या सायकलची चेन बसवताना मुलगा म्हणाला, "नाना, जरा हे धरता का?" नानांनी चाक धरलं. काम पाच मिनिटांचं, पण दोघं तासभर तिथे बसले. पुढच्या रविवारी गळका नळ झाला, त्याच्या पुढच्या रविवारी कपाटाची बिजागरी. घरातल्या मोडक्या वस्तू लवकरच संपणार, ही काळजी नानांना लागून राहिली. त्यांना अजून थोडे रविवार हवे होते. पण मागायचे कुणाकडे? ज्याला आपण एक दिवस दिला नाही, त्याच्याकडे.

मुदत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, नात दूध पिता पिता म्हणाली, "आजोबा, तुम्ही बुधवारी नक्की जाणार?"

नानांनी खिशातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"अहो नाना, आधी नाही का सांगायचं!" सूनबाई म्हणाल्या.

मुलानं कागद वाचला. "ह्याची मुदत काल संपली."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

कुरियरवाल्याच्या कागदावर करतात तशी त्यानं सही केली. "चला. अकराच्या आत मला कामावर पोचायचंय."

कचेरी जगात कुठेही गेलं तरी कचेरीच. भिंतीवर चिकटवलेल्या सूचना, दोरीला बांधलेलं पेन, काचेमागे चष्मेवाली बाई. तिनं कागद ठोकून कडा जुळवल्या, ओल्या स्पंजवर बोट टेकवून पानं उलटली आणि तारखेपाशी थांबली. नानांना मनातून पटलं. तेही तिथेच थांबले असते.

त्यांना तिथली भाषा येत नव्हती, पण नकाराची मान ओळखायला भाषा लागत नाही.

"एक दिवस उशीर झालाय म्हणते," मुलगा म्हणाला. आवाजात राग नाही, लोभ नाही.

"बरोबर आहे तिचं," म्हणत नाना निघायला वळले. आणि मग त्यांच्याच तोंडून निघालं, "काही करता येतं का, बघ ना."

हे वाक्य त्यांनी खिडकीच्या आतून हजारदा ऐकलं होतं. एकदा ह्याच्याच तोंडून. मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला, मग बाईंशी बोलला. बाईंनी खणातून एक पातळ कागद काढला आणि काचेखालून सरकवला. रोजचंच काम असल्यासारखा.

"उशिराचं कारण लिहून द्या म्हणते. पटलं तर अर्ज घेतात."

कागदावर एकच रकाना होता. नानांनी काउंटरची कड घट्ट धरली.

"आमच्याकडेही होता," ते म्हणाले.

"काय?"

"हा कागद. माझ्याच टेबलाच्या उजव्या खणात गठ्ठा असायचा."

मुलाच्या हातातलं पेन थांबलं. "तरतूद नाही म्हणाला होतात."

"खोटं बोललो. तुला हा कागद दिला असता तर लोक म्हणाले असते, फेरसादरनं स्वतःच्या पोराला सोडलं. मला माझं नाव सांभाळायचं होतं. तुझी आई विचारायची, अहो, खरंच काही करता आलं नसतं का? तिलाही मी नाहीच सांगितलं. शेवटपर्यंत."

मागची रांग खाकरली. बाईंनी काहीतरी विचारलं. मुलानं त्यांना एका शब्दात उत्तर दिलं. मग त्यानं दोरीचं पेन कागदावर टेकवलं.

"कारण काय लिहू?" त्यानं विचारलं.

"खरं तेच लिही. कागद नऊ दिवस खिशात होता. तुला विचारायची हिंमत झाली नाही. चूक माझी."

त्यानं लिहिलं. अक्षर रकान्याबाहेर गेलं. एरवी नानांनी तेवढ्यावरूनच अर्ज परत केला असता. बाईंनी वाचलं, चष्म्यावरून एकदा नानांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मग सहीच्या पत्रातल्या दिवसांच्या आकड्यावर बोट ठेवून काही म्हणाल्या. मुलानं त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. त्यानं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा मान हलवली.

"नाही म्हणते का रे?"

मुलगा खिसे चाचपत होता. खोडरबर कुठलं असायला? शेवटी त्यानं पेन्सिलीचा तो पंधरा अंगठ्यानंच घासून घासून पुसला.

"नव्वद दिवसांच्या वर देत नाहीत म्हणते," तो म्हणाला. "दोनदा विचारलं मी."